बावटा आणि उंबरठा

पुणे विद्यापीठाच्या चौकातून पाषाण रस्त्याला लागलं, की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या झाडीपलीकडे देशातली फार मोठी गणितं चालतात. आयसरमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, २०१९ पासून ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. त्याच रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आला आणि २०२४ च्या सप्टेंबरात ‘अर्क’. या सगळ्याची सुरुवातही पुण्यातलीच. १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही संगणन-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्याच १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. ती म्हणजे लिनक्स. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतं.

या यंत्रांवरच्या गणिताला ‘जॉब’ म्हणतात. संशोधक जॉब रांगेत लावतो, किती नोड, म्हणजे महासंगणकातले सुटे संगणक, हवेत आणि किती तास हवेत ते सांगतो, आणि नंबर येण्याची वाट बघतो. मागितलेली वेळ संपली की जॉब थांबवावा लागतो, कारण मागे इतरांची रांग असते. समजा, आयसरमधली एक विद्यार्थिनी एका प्रथिनाच्या रेणूची हालचाल मोजते आहे. त्यासाठी तिने ग्रोमॅक्स हा प्रोग्रॅम लावला आहे. पहाटे साडेतीनला तिची वेळ संपते. ती घरी झोपलेली आहे. रांग सांभाळणारा स्लर्म नावाचा व्यवस्थापक तिच्या जॉबला एक सिग्नल पाठवतो. तिच्या दोन दिवसांच्या गणितातला शेवटचा तुकडा हाती लागणार की वाया जाणार, हे पुढच्या काही क्षणांत ठरतं. त्या क्षणांत कर्नलच्या आत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नेमकं काय होतं, ते मला इथे सांगायचं आहे.

आधी एका शब्दाचा गैरसमज दूर करतो. सिग्नल पाठवण्याच्या आज्ञेचं नाव लिनक्सच्या आधीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्त्यांनी ‘किल’ ठेवलं. पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत ‘अरे, किल मार ना ती प्रोसेस’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. त्यामुळे असं वाटतं, की कोणीतरी बाहेरून येऊन प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, गळा आवळतं. तसं काही होत नाही. कर्नल फक्त एक खूण करून ठेवतो. त्यानंतर आवराआवर करायची, दुर्लक्ष करायचं किंवा मरायचं, हे सगळं ती प्रोसेस स्वतःच्या पायांनी चालत येऊन करते. हे नीट कळलं की सिग्नलबद्दलची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

कोकणातल्या माणसाला हे पटकन कळेल. समुद्रात वादळ असलं की हवामान खात्याच्या सूचनेवरून बंदरावर बावटा लागतो. ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ हे पावसाळ्यातल्या बातम्यांतलं नेहमीचं वाक्य आहे. हे इशारे १ ते ११ असे ठरलेले आहेत. दिवसा शंकू आणि नळकांड्यांच्या आकृत्या चढवतात, रात्री दिवे लावतात. बावटा कोणाची होडी ओढून किनाऱ्याला आणत नाही. तो फक्त एक आकडा सांगतो. आकड्याचा अर्थ आधीपासून ठरलेला असतो, आणि जाळं ओढण्यात गुंतलेल्या नाखव्याची मान वर झाल्यावरच तो दिसतो.

लिनक्समध्ये असे ६४ आकडे आहेत. पहिले ३१ जुन्या युनिक्सच्या वळणाचे आहेत. २ म्हणजे कीबोर्डवरून कंट्रोल आणि सी दाबल्यावर जाणारा थांबण्याचा सिग्नल. १५ म्हणजे सिगटर्म, ‘आता आवरतं घे’. ९ म्हणजे सिगकिल. ११ म्हणजे सिगसेगव्ह, प्रोग्रॅमने स्मृतीतल्या भलत्याच जागी हात घातला तर येणारा. बंदरावरच्या ११ नंबरचा अर्थ ‘इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे’ असा होतो. दोन्ही व्यवस्थांचा एकमेकींशी संबंध नाही, पण दोन्हीकडे ११ हा आकडा काहीतरी मोडल्याची खबर देतो, हे मला नेहमी लक्षात राहतं.

आता कर्नलच्या आत जाऊ. सिग्नल पाठवायची विनंती आली की कर्नल आधी अधिकार तपासतो. पाठवणारा आणि घेणारा एकाच वापरकर्त्याचे आहेत का? नसतील, तर पाठवणाऱ्याकडे खास परवानगी आहे का? एका यंत्रावर शेकडो संशोधकांची कामं शेजारीशेजारी चालतात ती या तपासणीच्या भरवशावर. तपासणी पार पडली की कर्नल त्या प्रोसेसच्या नोंदवहीतली एक जागा शोधतो. तिथे ६४ बिटांचा एक शब्द असतो, प्रत्येक सिग्नलला एक बिट. पंधरा नंबरचा सिग्नल आला की पंधरावा बिट उभा राहतो.

खूण एवढीच. म्हणूनच, पंधराचा बिट आधीच उभा असताना दुसऱ्यांदा पंधराचा सिग्नल आला, तर दोन सिग्नल होत नाहीत. उभा बिट आणखी काय उभा राहणार! बंदरावर तीन नंबरचा बावटा असताना पुन्हा तीनचीच सूचना आली, तर दुसरा बावटा लावत नाहीत, तसंच हे. ‘मी चार सिग्नल पाठवले, पोचला एकच’ ही नवख्या प्रोग्रॅमरची तक्रार यातूनच येते. पुढे १९९३ च्या पॉसिक्स मानकात ‘रिअल-टाइम’ सिग्नल आले. त्यांची मात्र रांग लागते, मोजदाद होते, आणि सोबत एखादी छोटी चिठ्ठीही पाठवता येते. लिनक्समध्ये ३२ पासूनचे आकडे त्यांच्यासाठी आहेत.

हे झालं एकट्या प्रोसेसचं. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये शेजारीशेजारी चालणारे कामाचे धागे, आले की प्रश्न खरा रंगतो, आणि तो समजून घ्यायला पुण्याच्या पेठांतला जुना वाडा फार कामाचा आहे.

प्रोसेस म्हणजे वाडा. थ्रेड म्हणजे त्यातली बिऱ्हाडं. वाड्याला घरनंबर एकच. चौक, आड, जिना सगळ्यांचा सामायिक. प्रत्येक बिऱ्हाडाचा संसार मात्र वेगळा. एकाच्या चुलीवर आमटी उकळत असते तेव्हा शेजारचं बिऱ्हाड झोपलेलं असू शकतं. प्रोसेसची स्मृती आणि उघडलेल्या फाइली सगळ्या थ्रेडना मिळून असतात. चालू काम प्रत्येकाचं आपापलं असतं.

मग वाड्याच्या पत्त्यावर पत्र आलं तर ते कोणी घ्यायचं? कर्नलने यासाठी दोन पेट्या ठेवल्या आहेत. एक दिंडी दरवाज्यावरची, सगळ्या वाड्याची. दुसरी प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारावरची. ‘किल’ने पाठवलेला सिग्नल वाड्याच्या पेटीत पडतो. एखाद्या थ्रेडचं नाव घालून पाठवलेला सिग्नल त्या थ्रेडच्या पेटीत पडतो. आणि एखाद्या थ्रेडने स्वतःच चूक केली असेल, शून्याने भागलं असेल, भलती जागा वाचली असेल, तर तो सिग्नल त्याच्याच दारात येतो. ज्याने भांडं फोडलं, त्याच्याच दाराशी.

वाड्याच्या पेटीतलं पत्र कोणी उचलायचं, हे कर्नल ठरवतो. प्रत्येक थ्रेडला ‘सध्या मला अमुक नंबरचे सिग्नल देऊ नका’ असं सांगून ठेवता येतं. याला मास्क म्हणतात. कर्नल आधी मुख्य थ्रेडकडे बघतो. त्याने तो सिग्नल अडवलेला नसेल तर त्यालाच उठवतो. अडवलेला असेल तर एकेक दार बघत पुढे जातो आणि घ्यायला तयार असलेला एक थ्रेड निवडतो. एकच, सगळे नाहीत. सगळ्यांनीच अडवलं असेल तर पत्र पेटीत पडून राहतं. म्हणून जाणते प्रोग्रॅमर सगळ्या थ्रेडमध्ये सिग्नल अडवून ठेवतात आणि पत्रं घ्यायला एकच थ्रेड दरवाज्याशी बसवतात. बहुथ्रेडी प्रोग्रॅममध्ये सिग्नल हाताळण्याची मला माहीत असलेली सर्वांत शहाणी पद्धत हीच.

पत्त्याची ही व्यवस्था सुरुवातीपासून नव्हती. लिनक्सच्या जुन्या थ्रेड-व्यवस्थेत प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा घरनंबर होता. बाहेरून बघणाऱ्याला वाडा दिसायचाच नाही, नुसती सुटी घरं दिसायची. सिग्नल एका थ्रेडला जायचा आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताच नसायचा. इंगो मोलनार आणि उलरिच ड्रेपर यांच्या कामातून नवी व्यवस्था उभी राहिली. २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलमध्ये वाड्याला एक नंबर, बिऱ्हाडांना आत वेगळे नंबर आणि सामायिक पेटी हे सगळं होतं. आज आपण ज्याला सरळ समजतो, त्याच्यामागे एवढी वर्षं गेली आहेत.

पत्र पेटीत पडलं. पण वाचलं केव्हा जातं?

पेटीत पत्र टाकताना कर्नल निवडलेल्या थ्रेडवर आणखी एक छोटी खूण चढवतो: ‘तुझ्यासाठी काहीतरी आलं आहे’. कर्नलच्या परिभाषेतही तिला फ्लॅगच म्हणतात. हा झाला बावटा. आणि तो बघण्याची जागा म्हणजे उंबरठा.

प्रोग्रॅम चालतो तेव्हा तो सतत आत-बाहेर करत असतो. स्वतःची आकडेमोड तो बाहेर, आपल्या मुलखात करतो. डिस्कवर लिहायचं, नेटवर्कवर बोलायचं, स्मृती मागायची, तर त्याला कर्नलमध्ये यावं लागतं. काम झालं की तो परत बाहेर निघतो, आणि निघताना उंबरठ्यावर कर्नल बघतो: बावटा लागला आहे का? लागला असेल तर आधी त्याचा निकाल, मग बाहेर. जो प्रोग्रॅम नुसतंच गणित करत बसला आहे आणि कर्नलकडे काहीच मागत नाही, त्यालाही घड्याळाचा ठोका सेकंदाला शेकडो वेळा आत ओढतो. त्यामुळे उंबरठा चुकत नाही. तेवढीही वाट बघायची नसेल आणि तो थ्रेड दुसऱ्या कोअरवर धावत असेल, तर कर्नल त्या कोअरला एक टोचणी पाठवतो. ती लागली की तो थ्रेड आत येतो.

झोपलेल्या थ्रेडचं काय? इथे झोपेचे प्रकार आहेत. कीबोर्डची, नेटवर्कची किंवा घड्याळाची वाट बघत असलेला थ्रेड सावध झोपलेला असतो. बावटा लागला की तो उठतो, हातातलं काम अर्धवट टाकून उंबरठ्याकडे येतो, आणि ‘माझं वाचन मध्येच तुटलं’ अशी पावती प्रोग्रॅमला देतो किंवा कर्नल ते काम पुन्हा सुरू करतो. दुसरी झोप गाढ असते. डिस्क किंवा फाइल सर्व्हर उत्तर देईपर्यंत काही थ्रेडना हलवता येत नाही, कारण अर्ध्यात हलवलं तर कर्नलची स्वतःची वही बिघडेल. प्रोसेसच्या यादीत अशांच्या पुढे ‘डी’ दिसतो. या अवस्थेत सिगकिलसुद्धा पोचत नाही. बिट उभा असतो, बावटा चढलेला असतो, फक्त मान वर करणारं कोणी नसतं.

‘नऊ नंबरने मारली तरी प्रोसेस मरत नाही’ म्हणून हैराण झालेले अनेक जण मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं कर्नल मोडला. मोडलेला असतो तो बहुतेक वेळा पलीकडचा फाइल सर्व्हर. २००८ मध्ये मॅथ्यू विलकॉक्स यांच्या कामामुळे लिनक्सच्या २.६.२५ मध्ये मधली एक झोप आली: इतर कुठल्याही सिग्नलने उठायचं नाही, पण प्राणावर बेतणाऱ्या सिग्नलने उठायचं. नेटवर्कवरच्या फाइलींसाठी लटकलेल्या प्रोसेस तेव्हापासून मारता येऊ लागल्या. एवढ्याशा बदलाने किती यंत्रं पुन्हा बूट करण्यापासून वाचली असतील, याची मोजदाद कोणीही केली नसेल.

उंबरठ्यावर बावटा दिसला की पुढे वाटा फुटतात. प्रोग्रॅमने काहीच सांगून ठेवलं नसेल तर त्या सिग्नलची ठरलेली रीत पाळली जाते. बहुतेकांची रीत मरण्याची आहे, काहींची थांबण्याची, काहींची दुर्लक्षाची. प्रोग्रॅमने आपलं फंक्शन, म्हणजे हँडलर, नेमून ठेवलं असेल तर कर्नल एक अजब काम करतो. तो थ्रेड कुठे होता, कुठल्या रजिस्टरमध्ये काय होतं, हे सगळं त्या थ्रेडच्याच स्टॅकवर लिहून ठेवतो, आणि त्याला जुन्या जागी न सोडता हँडलरच्या दारात सोडतो. हँडलर संपला की थ्रेड पुन्हा कर्नलमध्ये येतो, लिहून ठेवलेलं सगळं जागच्या जागी लावलं जातं, आणि मूळ काम असं पुढे सरकतं जणू मध्ये काही घडलंच नाही.

यातली मेख त्या ‘मध्ये’त आहे. हँडलर कधी सुरू होईल हे प्रोग्रॅमला माहीत नसतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका सर्व्हरचा हँडलर लिहिला होता. सिगटर्म आला की लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि बंद व्हायचं, एवढंच त्याचं काम. महिनोन्महिने तो व्यवस्थित चालला. मग अधूनमधून तो बंद होतानाच लटकू लागला. दोन आठवडे शोधल्यावर कारण सापडलं. सिग्नल आला त्या क्षणी तोच थ्रेड लॉग लिहीत होता आणि लॉगचं कुलूप त्याच्याच हातात होतं. हँडलरने पुन्हा लॉग लिहायला घेतला आणि तेच कुलूप मागितलं. किल्ली ज्याच्याजवळ, तोच दाराबाहेर किल्लीची वाट बघत उभा. ती माझी चूक होती, आणि तिच्यामुळे मी हे प्रकरण मुळापासून शिकलो. हँडलरमध्ये स्मृती मागायची नाही, छापायचं नाही, कुलपाला हात लावायचा नाही. एक छोटा चल बदलायचा, ‘थांबायचं आहे’ अशी नोंद करायची आणि परत फिरायचं. खरं आवरणं मुख्य काम सोयीच्या जागी पोचल्यावर करायचं.

गंमत अशी, की कर्नल जे प्रोग्रॅमशी करतो, तेच प्रोग्रॅमने स्वतःशी करायचं असतं. आधी खूण, मग योग्य उंबरठा आल्यावर कृती.

नऊ नंबरला मात्र हँडलर नेमता येत नाही आणि तो अडवताही येत नाही. सिगकिल आला की कर्नल वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाच्या पेटीत नऊचा बिट उभा करतो आणि सगळ्यांना उठवतो. प्रत्येक थ्रेड आपापल्या उंबरठ्याशी येतो आणि बाहेर पडण्याऐवजी कर्नलमधलं मरणाचं काम स्वतः चालवतो. फाइली बंद होतात, स्मृती परत जाते, शेवटचा थ्रेड गेल्यावर जन्मदात्या प्रोसेसला कळवलं जातं. कर्नलला ठाऊक असलेलं सगळं तो नीट आवरतो. त्याला ठाऊक नसतं ते प्रोग्रॅमच्या मनातलं: अजून डिस्ककडे न सोपवलेल्या चार ओळी, अर्धवट भरलेला तक्ता, गणितातली सध्याची पायरी. ते कोणीच आवरत नाही. म्हणून उठसूट नऊ नंबर वापरण्याच्या सवयीला माझा ठाम विरोध आहे. आधी पंधरा पाठवावा, थोडं थांबावं, मग नऊ.

स्लर्म हेच करतो. पण त्याच्यापुढे आणखी एक अडचण असते. सिग्नल एका कर्नलच्या हद्दीबाहेर जात नाही. त्या विद्यार्थिनीचा जॉब दहा नोडांवर पसरलेला असेल तर तिथे दहा कर्नल आहेत, आणि एकाला दुसऱ्याच्या प्रोसेस दिसतही नाहीत. म्हणून प्रत्येक नोडवर स्लर्मची एकेक छोटी प्रोसेस जॉबची राखण करत बसलेली असते. मुख्य व्यवस्थापकाचा निरोप नेटवर्कवरून तिच्याकडे येतो, आणि ती आपल्या नोडच्या कर्नलला सांगून सिगटर्म पाठवते. दहा बंदरांवर दहा माणसं आपापला बावटा चढवतात. मग घड्याळ सुरू होतं. वेगळं काही ठरवलेलं नसेल तर ३० सेकंद. तेवढ्यात जे थांबले नाहीत त्यांना सिगकिल.

तीस सेकंद म्हणजे ग्रोमॅक्सला पुष्कळ वेळ आहे. त्याचे कर्ते ही गोष्ट जाणून आहेत. सिगटर्म आला की त्याचा हँडलर फक्त नोंद करतो. रेणूंचं गणित पायरीपायरीने चालतं, आणि दर काही पायऱ्यांनी कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे याची यादी नव्याने करावी लागते. ग्रोमॅक्स त्या यादीच्या पायरीपर्यंत जातो, तिथे थांबतो, आणि प्रत्येक अणूची जागा नि वेग एका चेकपॉइंट फाइलमध्ये लिहितो. एरवीही तो दर पंधरा मिनिटांनी अशी फाइल लिहीत असतो, पण या शेवटच्या फाइलीमुळे मधली मिनिटंही वाचतात.

साडेतीन वाजून गेलेले आहेत. दहाही नोडांवर थ्रेड उंबरठ्यावर आले, खुणा वाचल्या गेल्या, फाइल डिस्कवर उतरली. प्रोसेस आपणहून संपल्या, नऊ नंबरची पाळी आली नाही. नोड मोकळे झाले आणि रांगेतला पुढचा जॉब त्यांवर चढला. सकाळी नऊला ती विद्यार्थिनी प्रयोगशाळेत येते, रात्रीचा जॉब वेळ संपून थांबल्याची नोंद बघते, चेकपॉइंट फाइलचं नाव देऊन नवा जॉब रांगेत लावते आणि चहाला जाते. तिचा नंबर आला की ग्रोमॅक्स ती फाइल उघडेल आणि पुढच्या पायरीपासून मोजू लागेल.